ब्रसेल्सची फ्रेंच वेगळी का वाटते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत दोन-तीन वर्षं फ्रेंच शिकून, परीक्षा देऊन ब्रसेल्सला येणाऱ्या मराठी मंडळींना पहिल्या आठवड्यातच शंका येते: आपल्याला चुकीचं शिकवलं, की इथलेच लोक चुकीचं बोलतात? दोन्ही नाही. शिकवली ती पॅरिसची पुस्तकी फ्रेंच, कानावर पडते ती दोन भाषांच्या शहरात मुरलेली. त्यावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फ्रेंच आणि डच शब्द साधारण कानाला लागतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. अनुनासिकांची शंभर टक्के अपेक्षा धरू नये.

ब्रसेल्सची भाषा नेमकी कोणती?

कायद्याने दोन: फ्रेंच आणि डच. ब्रसेल्स म्हणजे एक शहर नव्हे, 19 नगरपालिकांचा समूह आहे, आणि 1989 पासून त्याला स्वतःचं प्रादेशिक सरकार आहे. चारही बाजूंनी डच भाषक फ्लँडर्स, मधे हे द्विभाषिक बेट. रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर दोन नावं असतात, मेट्रो स्टेशनांना दोन नावं असतात. ग्रां-प्लास हाच ग्रोट मार्क्ट. रू नव्ह हीच न्यूवस्त्राट. नवख्या माणसाला वाटतं, दोन वेगळे रस्ते आहेत.

व्यवहारात मात्र फ्रेंचचं पारडं कितीतरी जड आहे. किती जड, याचा सरकारी आकडा मिळणार नाही. भाषेची शेवटची जनगणना 1947 ची. त्या काळी आकडे बदलले की गावाचा भाषिक दर्जाही बदलायचा, त्यामुळे प्रत्येक मोजणी म्हणजे भांडणाला निमंत्रण. अखेर 1961 मध्ये कायदा करून हा प्रश्नच जनगणनेतून काढून टाकला, आणि पुढच्या दोन वर्षांत भाषिक सीमा कायमची आखून घेतली. आपल्याकडे सीमाप्रश्न जवळून पाहिलेल्यांना यातली तडजोड आणि त्यातली चलाखी दोन्ही पटकन कळतील.

हे शहर मुळात डच होतं, हे खरं?

खरं आहे, आणि पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ब्रसेल्सच्या गल्लीबोळांत ब्राबांती बोली चालायची. डचच्या कुळातलीच, पण अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रमाण डचपासून बरीच लांबची. दरबार, सरदार आणि वरच्या थरातली मंडळी फ्रेंच बोलत. 1795 ते 1814 फ्रेंच राजवट आली, मग 1830 पर्यंत नेदरलँड्सचं राज्य, आणि 1830 मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला तो फ्रेंच बोलणाऱ्या मध्यमवर्गाच्या हातात. कोर्ट, सैन्य, विद्यापीठ, बँक सगळीकडे फ्रेंच. डचमधून शिकवणारं पहिलं विद्यापीठ म्हणजे गेंटचं, तेही 1930 मध्ये झालं. अशा देशाच्या राजधानीत सुताराने किंवा भाजीवालीने पोराला पुढे न्यायचं तर काय केलं असेल? त्याला फ्रेंच शाळेत घातलं.

दोन-तीन पिढ्यांत घरंच्या घरं भाषा बदलून बसली. आजी फ्लेमिश (म्हणजे इथली डच बोली) बोलणारी, आई दोन्ही बोलणारी, मूल फक्त फ्रेंच. म्हणजे इथल्या फ्रेंचमधले डच शब्द शेजाऱ्याकडून उसने आणलेले नाहीत, ते घरातच होते. भाषा घर सोडून गेली आणि हे शब्द मागे राहिले. आज ते वापरणाऱ्या कित्येकांना डचमध्ये धड पाव मागता येत नाही, ही यातली गंमत.

मागे राहिलेले शब्द कोणते?

घरातले, गल्लीतले आणि भांडणातले. तत्त्वज्ञान, कायदा किंवा प्रेमपत्र यांच्या शब्दांत डच शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही, कारण ती कामं घरात आधीपासून फ्रेंचमधूनच व्हायची. पण मूल रडायला लागलं, दूध उतू गेलं, पाऊस कोसळला, शेजाऱ्याचा राग आला, की तोंडातून आजीची भाषा निघते.

पावसापासून सुरुवात करू, कारण ब्रसेल्समध्ये सगळ्याची सुरुवात तिथूनच होते. *ड्राश* म्हणजे मुसळधार सर, आणि *इल ड्राश* म्हणजे धो धो कोसळतोय. ब्राबांती बोलीतल्या क्रियापदावरून आलेला हा शब्द फ्रान्सच्या उत्तर टोकालाही चालतो. 21 जुलै हा बेल्जियमचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी भर उन्हाळ्यात संचलनावर हमखास कोसळणाऱ्या सरीला लोक *ड्राश नासियोनाल*, म्हणजे राष्ट्रीय पाऊस म्हणतात.

*ब्रोल* म्हणजे पसारा, अडगळ, सटरफटर सामान. “हा काय ब्रोल मांडलायस?” हे वाक्य प्रत्येक आईच्या तोंडी आहे. ब्रसेल्सच्या एका तरुण गायिकेने 2018 मध्ये आपल्या पहिल्या अल्बमला हेच नाव दिलं, तो फ्रान्समध्ये प्रचंड खपला, आणि पॅरिसच्या पोरांनाही हा शब्द कळायला लागला.

*क्रोल* म्हणजे केसांची बट, *क्रोले* म्हणजे कुरळा. *क्लांश* दाराची कडी-मूठ. *कूक* हा गोड पावाचा प्रकार. *स्टुम्प* म्हणजे बटाटा आणि भाजी एकत्र कुस्करून केलेलं थंडीतलं जेवण. *बाबले* म्हणजे गप्पा छाटणं. *ब्लेते* म्हणजे भोकाड पसरणं. *केट* हा गल्लीतला वांड पोरगा. शहराचा लाडका मानेकेन-पिस, तो शू करणारा पुतळा, हा सगळ्या केटांचा मेरुमणी.

पैशांचे शब्दही घरातलेच. *ड्रँगेल* हे मूळ डच “पिण्याचे पैसे”, म्हणजे वेटरची टिप किंवा आजोबांनी नातवाच्या हातात गुपचूप कोंबलेली नोट. आपली “चहापाण्याची” सोय हीच, फक्त आपल्याकडे त्या शब्दाला लाचेचा वास लागला, तसा इथे नाही. *आ पूफ* म्हणजे उधारीवर.

आणि विद्यार्थी म्हणून येणाऱ्याने पहिला शिकायचा शब्द *कॉट*. डचमध्ये कॉट म्हणजे खोपटं, खुराडं. इथे त्याचा अर्थ विद्यार्थ्याची भाड्याची खोली, आणि खोलीचा आकार पाहिला की मूळ अर्थही पटतो. खोलीतला जोडीदार म्हणजे *कोकोतर*. कॉट हा शब्द फ्रेंच आणि डच दोन्ही बाजूंना सारखा चालतो. खोलीच्या जाहिरातींत “शांब्र एत्युदियांत” शोधत बसू नका, “कॉट” शोधा.

सेप्तांत आणि नोनांत डचमुळे आले ना?

नाही. सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच.

फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे *सुआसांत-दीस*, साठ-दहा. नव्वद म्हणजे *कात्र-व्हँ-दीस*, चार-वीस-दहा. बेल्जियममध्ये सरळ *सेप्तांत* आणि *नोनांत*. हे शब्द थेट लॅटिनमधून आलेले, जुन्या फ्रेंचमधले, कोणाच्याही प्रभावाशिवाय टिकलेले आहेत. स्वित्झर्लंडमध्येही चालतात, आणि बेल्जियमच्या जुन्या वसाहतीमुळे काँगोतही. ऐंशीला मात्र बेल्जियममध्ये चार-वीसच म्हणतात. स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐकू येणारं *वितांत* इथे नाही, त्यामुळे “मग ऑक्तांत म्हणू का?” हेही नको.

डचची आकडे मोजण्याची रीत खरं तर पूर्ण उलटी आहे. त्यांचं 73 म्हणजे “तीन-आणि-सत्तर”, आपल्या त्र्याहत्तरसारखं, एकक आधी. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात “एकवीस” ऐवजी “वीस एक” वाचायचा पर्याय दिला आणि केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. ब्रसेल्सच्या फ्रेंचवर खरोखर डचचा प्रभाव असता तर लोक “त्र्वा-ए-सेप्तांत” म्हणाले असते. म्हणत नाहीत. *सेप्तांत-त्र्वा* म्हणतात.

सोपा नियम सांगायचा तर, एखादा शब्द ब्रसेल्समध्ये आहे आणि पॅरिसमध्ये नाही, एवढ्याने तो डच ठरत नाही. तो जुना फ्रेंच असू शकतो, दक्षिणेकडच्या वालून बोलीतला असू शकतो, किंवा सरकारी फायलीतला असू शकतो.

न्याहारीला बोलावलं की जेवायला, कसं कळणार?

इथे *देजने* सकाळी, *दिने* दुपारी, *सुपे* रात्री. फ्रान्समध्ये देजने दुपारी आणि दिने रात्री. हाही जुन्या फ्रेंचचा अवशेष, क्वेबेक आणि स्वित्झर्लंडमध्येही असाच. कोणी “दिनेला या” म्हटलं तर वेळ विचारून घ्या. रात्री आठला फुलं घेऊन पोचलात तर यजमानांची भांडी दुपारीच घासून झालेली असतात.

हे लोक “ऊन फुआ” का म्हणतात?

म्हणतात, पण पॅरिसवाले नक्कल करतात तसे नाही. फ्रान्समधल्या बेल्जियन विनोदात प्रत्येक वाक्याच्या शेवटी “ऊन फुआ” चिकटवलेलं असतं. शब्दशः अर्थ “एकदा”. मूळ डचमध्ये *एन्स* हा छोटा शब्द आज्ञेचा कडकपणा कमी करायला वापरतात: “कॉम एन्स हीर”. त्याचं ब्रसेल्सच्या फ्रेंचमध्ये झालं “व्हिएँ ऊन फुआ इसी”.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. “एकदा इकडे ये बघू” यातल्या “एकदा”त मोजणी कुठे आहे? फ्रेंच माणूस मात्र मोजायला जातो आणि हसतो. ही लकब आता म्हाताऱ्या ब्रसेल्सकरांकडे उरली आहे. तरुण ती बहुतेक थट्टेतच वापरतात.

वाक्यरचनेवरही परिणाम झाला का?

झाला, आणि शब्दांपेक्षा हा भाग जास्त चिवट आहे. शब्द परका आहे हे बोलणाऱ्याला जाणवतं, रचना परकी आहे हे जाणवत नाही.

*तु व्हिएँ आव्हेक?* म्हणजे “येतोस का बरोबर?”. फ्रेंच व्याकरणाला “कोणाबरोबर” हवं असतं, डचला नको असतं. *सा म गूत* म्हणजे “मला चव आवडली”, हे डच “स्माक्ट”चं भाषांतर. *तोंबे सां*, शब्दशः “शिवाय पडणं”, म्हणजे साखर किंवा पेट्रोल संपून अडणं. *फेर द सों ने*, “नाकाचं करणं”, म्हणजे तोरा मिरवणं. दोन्हींच्या मागे डच वाक्प्रचार सरळ उभे आहेत.

मग *सिल व्हू प्ले*. पाठ्यपुस्तकात याचा अर्थ “कृपया”. शनिवारी सकाळी बेकरीत उभे राहा. तुम्ही सहा *पिस्तोले* मागता (घाबरू नका, हे गोल कडक पाव आहेत). बाई कागदी पिशवी पुढे करते आणि म्हणते, “सिल व्हू प्ले”. तुम्ही सुटे देता, ती उरलेले परत करते, पुन्हा “सिल व्हू प्ले”. तुम्ही पुटपुटता, तिला ऐकू येत नाही, ती मान पुढे काढून विचारते, “सिल व्हू प्ले?” पहिले दोन “हे घ्या”, तिसरा “काय म्हणालात?”. डचमधला *आल्स्टुब्लीफ्ट* देताना असाच वापरतात. पॅरिसमध्ये पिशवी देताना “व्ह्वाला” म्हणतील.

सगळ्यात प्रसिद्ध भांडण *सावुआर*चं. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये कौशल्याला सावुआर आणि शक्यतेला *पुवुआर*: पोहणं माहीत असणं वेगळं, आज पोहायला जमणं वेगळं. बेल्जियन माणूस म्हणतो, “झ न से पा दोर्मीर”. फ्रेंच माणसाला ऐकू येतं, “मला झोपायची विद्या अवगत नाही”. बिचाऱ्याला म्हणायचं असतं, गोंगाटामुळे झोपता येत नाही. डचमध्ये दोन्हीसाठी *कुनेन* हे एकच क्रियापद आहे. मराठीतही “मला पोहता येतं” आणि “उद्या मला येता येणार नाही” यांत एकच “येणं” दोन्ही कामं करतं, म्हणून आपल्या मंडळींच्या तोंडी बेल्जियन सावुआर फार लवकर बसतो. याचं मूळ डचमध्येच आहे का, यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये आणि वालूनमध्येही असा वापर सापडतो. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंनी टेकू मिळाला म्हणूनच तो इतका पक्का राहिला.

सरकारी कचेरीतले शब्द वेगळे का?

कारण तिथे शब्द घरातून आले नाहीत, वरून आले. महापौर फ्रान्समध्ये *मेर*, इथे *बुर्गमेस्त्र*, डच बुर्गेमेस्टरचा भाऊ. त्याच्या हाताखालचे *एशव्हाँ*. हा शब्द क्रांतीनंतर फ्रान्समध्ये इतिहासजमा झाला, इथे अजून पगार घेतो. नगरपालिकेची इमारत *मेझों कोम्युनाल*, मेरी नव्हे. विद्यापीठाची फी *मिनेर्व्हाल*. कागद ठेवायची फाइल *फार्द*. मोबाइल म्हणजे *झे-एस-एम*, डचमध्येही तीच अक्षरं. शहराभोवतीचा महामार्ग दोन्ही भाषांत *रिंग*. प्रत्येक नियम दोन भाषांत शेजारी शेजारी छापला जातो, तेव्हा दोन्हीकडे चालणारा शब्द टिकतो.

“ब्रुक्सेल” म्हणायचं की “ब्रुसेल”?

ब्रुसेल. “क्स” उच्चारलात की तुम्ही फ्रान्समधून आलात हे इथल्या माणसाला लगेच कळतं, आणि तो सुधारल्याशिवाय सोडत नाही. नावातलं x हे अक्षर जुन्या लेखनात दुहेरी “स”साठी वापरत. फ्रेंचमधलं साठ, *सुआसांत*, त्याच अक्षराने लिहितात आणि तिथे कोणी “सुआक्सांत” म्हणत नाही. आठ या आकड्याचा उच्चारही ऐका: पॅरिसमध्ये “उईत”च्या जवळ, इथे ठणठणीत “वीत”.

लोक “नाही, कदाचित” म्हणून मान होकारार्थी का हलवतात?

ही *झ्वांझ*, ब्रसेल्सची खास थट्टा. गंभीर चेहऱ्याने फिरकी घ्यायची, स्वतःचीही घ्यायची. “बिअर घेणार का?” याला उत्तर येतं, “नों, पेतेत्र!”, शब्दशः “नाही, कदाचित!”. अर्थ: हे काय विचारणं झालं, आण की! उलट “वुई, सां दूत”, पुस्तकी अर्थ “हो, बहुधा”, म्हणजे शक्यच नाही. हे शब्दकोशात बघून कळत नाही, सूर ऐकावा लागतो.

झ्वांझचं माहेर म्हणजे मारोल, शहराच्या पोटातली जुनी कष्टकरी वस्ती. तिथल्या झू-द-बाल चौकात रोज सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. या वस्तीच्या डोक्यावर न्यायालयाची अवाढव्य इमारत बसली आहे. जोसेफ पुलार्त या वास्तुविशारदाने आखलेली, 1866 ते 1883 या काळात बांधलेली. तिच्यासाठी मारोलमधली घरं पाडली, माणसं हुसकावली. त्या रागातून एक शिवी जन्माला आली: *स्खीव्हन आर्किटेक*, म्हणजे वाकडा वास्तुविशारद. एखाद्याच्या पेशाचं नाव शिवी होऊन शतकभर टिकावं, हे मला तरी दुसरीकडे कुठे आढळलेलं नाही. इमारतीभोवती कित्येक दशकं परांची उभी होती, आणि मारोलकरांना त्यात काव्यात्म न्याय दिसायचा.

शिव्यांचं खातं इथे समृद्ध आहे. *डिकेनेक* म्हणजे जाड मानेचा, म्हणजे बढाईखोर. *स्खीव्ह लाव्हाबो* म्हणजे वाकडं वॉशबेसिन, ही माणसालाच द्यायची. विशेषण डच, नाम फ्रेंच, राग दोन्हीकडचा. *आं स्टुमेलिंग्स* म्हणजे गुपचूप, कोणाला पत्ता न लागू देता.

टिनटिन वाचलेल्यांसाठी एक जोड. त्याचा चित्रकार एर्जे ब्रसेल्सचाच, आजी मारोलची. 1939 च्या कथेतल्या सिल्दाव्हिया या काल्पनिक देशाची भाषा त्याने आजीच्या बोलीवरून रचली. त्या देशाचं भारदस्त ब्रीदवाक्य “एइख बेनेक, एइख ब्लाव्हेक” जगभरच्या वाचकांना गूढ वाटतं. मारोलकराला सरळ ऐकू येतं: इथे मी आहे, इथेच राहणार.

“झिनेके” म्हणजे नेमकं काय?

मूळ अर्थ भटका, मिश्र जातीचा कुत्रा. सेन नदीला स्थानिक बोलीत झिने म्हणतात, आणि नको असलेली पिल्लं तिच्यात सोडायचे, म्हणून झिनेके. ती नदी 1867 ते 1871 मध्ये शहराच्या मध्यभागी झाकून टाकली, वर रुंद रस्ते केले. नदी दिसेनाशी झाली, शब्द राहिला, आणि माणसांना लागू झाला: आई फ्लेमिश, बाप वालून, आजोबा आणखी कुठले. आधी हिणवायला, आता अभिमानाने. 2000 साली ब्रसेल्स युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हा झिनेके परेड सुरू झाली.

डचने फ्रेंचला दिलं, मग फ्रेंचने डचला काहीच नाही?

भरपूर दिलं. फ्लँडर्समध्ये दुकानात आभार मानायला सर्रास *मेर्सी* म्हणतात, जे अ‍ॅमस्टरडॅममध्ये तितकं ऐकू येत नाही. काका *नोंकेल*, म्हणजे फ्रेंच “मों ओंक्ल”. सायकल *व्हेलो*, ट्रक *कामियों*, हातातली पर्स *शाकोश*, म्हणजे फ्रेंच साकोश. ब्रसेल्सची मूळ ब्राबांती बोली ऐकलीत तर निम्मी नामं फ्रेंच वाटतील. ग्रां-प्लासजवळच्या बोळात तून हे कठपुतळ्यांचं नाट्यगृह आहे, परंपरा 1830 पासूनची. तिथे एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात आणि प्रेक्षक कुठेही अडत नाहीत. कायद्याने दोन भाषांमध्ये भिंत घातली आहे खरी. 2024 मध्ये फ्लँडर्सच्या हद्दीत असताना रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाने डचबरोबर फ्रेंचमध्येही “बोंझूर” म्हटलं, तर प्रवाशाने तक्रार केली आणि देशभर चर्चा झाली. तोच प्रवासी घरी मेर्सी म्हणत असेल, अशी पैज लावायला मी तयार आहे.

हे सगळं अशुद्ध मानतात का?

मानायचे. शाळेत “असं म्हणू नका, असं म्हणा” अशा याद्या पाठ करून घेत. 1971 मध्ये “बेल्जियन शब्दांची शिकार” अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं, आणि ते बेल्जियन व्याकरणकारांनीच लिहिलं होतं. पॅरिसने हिणवण्याआधी आपणच आपलं तण उपटायचं, असा तो न्यूनगंड. नंतर वारं फिरलं. लुव्हँ विद्यापीठातल्या मिशेल फ्रांकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये बेल्जियन शब्दांचा कोश काढला. त्यात शिकार नाही, नोंद आहे. पॅरिसच्या मोठ्या कोशांतही ड्राश, कॉट, सेप्तांत प्रदेशाच्या शेऱ्यासह मिळतात. तरी स्खीव्ह लाव्हाबो नोकरीच्या अर्जात नको.

माँट्रियलमध्येही असंच झालं का?

वरून तसंच दिसतं, आतून उलट आहे. तिथे फ्रेंच भाषक फ्रेंचच राहिले, पण कारखाना, गॅरेज आणि हिशेबाची वही इंग्रजीत होती. म्हणून इंग्रजी शब्द कामाच्या ठिकाणाहून घरात शिरले, आणि त्यांना हाकलण्यासाठी 1977 चा प्रसिद्ध भाषा कायदा आला. परिणामी पॅरिस “ले वीकेंड” म्हणतं आणि माँट्रियल शुद्ध “फँ द स्मेन”. पण आभाराला उत्तर म्हणून “ब्यँव्हन्यू” म्हणणं, म्हणजे इंग्रजी “वेलकम”चं सरळ भाषांतर, तिथे राहिलंच. ब्रसेल्समध्ये प्रतिष्ठित भाषेच्या खाली घरची भाषा होती, माँट्रियलमध्ये घरच्या भाषेवर मालकाची. त्यामुळे एकीकडे पावसाचे आणि पसाऱ्याचे शब्द उरले, दुसरीकडे यंत्रांचे आणि दुकानाचे आले.

मुंबईच्या मराठीशी तुलना करता येईल?

फार नाही. मुंबईत मराठी माणूस बाहेर हिंदी बोलला तरी घरी मराठीच राहिला. ब्रसेल्समध्ये घराचीच भाषा बदलली. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमातल्या तिसऱ्या पिढीकडे बघितलं तर जास्त साम्य दिसेल: वाक्य पूर्ण इंग्रजी, आणि मधे “यार, तो पसारा आवर ना”.

आता तर शहरात इतरही भाषा आहेत. त्यांचं काय?

1964 मध्ये बेल्जियमने मोरोक्को आणि तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार केले. ब्रसेल्सच्या इक्सेल नगरपालिकेतल्या मातोंगे या वस्तीला नाव मिळालं ते काँगोची राजधानी किन्शासा इथल्या वस्तीचं. युरोपीय संस्थांमुळे इंग्रजी सगळीकडे आहे. ट्राममधल्या पोरांच्या फ्रेंचमध्ये आज अरबी “वल्ला” (देवाशपथ) डच “ब्रोल”पेक्षा जास्त वेळा ऐकू येतो. पण एकाच वाक्यात दोन्ही ऐकू येतात, तेव्हा बोलणारा ब्रसेल्सचा हे पक्कं.

मग येण्याआधी मी नेमकं काय शिकू?

पुस्तकी फ्रेंचच शिका, परीक्षेत तीच लिहा. ऐकायला मात्र बेल्जियन रेडिओ लावा, म्हणजे सेप्तांत आणि नोनांतमधले फोन नंबर पहिल्या दिवशी चुकणार नाहीत. जेवणाच्या वेळा वर सांगितल्यात. भाजीत पांढऱ्या, टोकदार, किंचित कडसर कोंबांना *शिकों* म्हणा. फ्रान्समध्ये त्यालाच आंदीव्ह म्हणतात, पण त्याची लागवड सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात ब्रसेल्समध्येच, तेव्हा नावावर त्यांचा हक्क पहिला.

एक जपायचं: *तोर्शों*. फ्रान्समध्ये हे भांडी पुसायचं फडकं, इथे हे लादी पुसायचं. भांड्यांचं, हातांचं आणि आंघोळीचं फडकं म्हणजे *एसुई*. यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात मदत करायला जाऊन “तोर्शों द्या, ताटं पुसतो” म्हणालात तर त्या क्षणभर तुमच्याकडे बघत राहतील.

मी स्वतः “ऊन फुआ” म्हणून बघू का?

नको. पॅरिसचा पाहुणा म्हणतो तेव्हाच इथल्यांना वैताग येतो. कॉट, ब्रोल, ड्राश खुशाल वापरा.